अनामत

सीईटीचा निकाल लागायचाय अजून
आणि मी वहीत अकरा वर्षं आखून बसलोय:
तीन कॉलेजची, आठ कुर्ल्याच्या कोर्टात,
मग वॉर्ड.
आत्या म्हणते, आधी लिफ्टचं बघ.

लिफ्टचा अर्ज मीच लिहिला होता.
खाली बावीस सह्या, तीन अंगठे.
‘कलम’ हा शब्द उगाच दोनदा घातला,
साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले.
एवढंच राजकारण कळलंय मला आजवर.

काल वाघधरे वकिलांच्या मुलीनं
त्यांचा काळा कोट दिला. पैसे घेतले नाहीत.
आतल्या खिशात घडी घातलेली पावती:
महापालिका निवडणूक, अनामत रक्कम.
साल पुसलेलं.

‘परत मिळाली का हो?’
ती हसली. ‘दोनशे चौदा मतं.
कुणाकुणाची असतील,
ते शेवटपर्यंत बोटांवर मोजायचे
हॉस्पिटलातसुद्धा.
नावं घ्यायचे, मग एखादं खोडायचे.’

कोट खांद्यात ढगळ होतो.
आत्या आत घेऊन देणार आहे.
पावती होती तिथेच ठेवली.

विक्रोळीत उतरलो, लिफ्ट बंदच.
सात मजले चढलो
दारावरच्या पाट्या वाचत,
हळूच,
कुणाला कळू न देता.