अर्धं फूल

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर
ईया आणि तामाझनं घर घेतलं.
छतावरचं चुन्याचं फूल
मधल्या भिंतीनं कधीकाळी कापलेलं:
सात पाकळ्या इकडे,
उरलेल्या शेजारच्या मझियाबाईंकडे.

मी टेप लावते. ईया विचारते,
भांडी धुण्याचं यंत्र कुठं?
पियानो होता तिथं, मी म्हणते,
आणि दोघीही जराशा ओशाळतो.
फरशीखालून ऊब, खिडक्यांना दुहेरी काच.
नक्षीच्या दाराला मात्र हात लावायचा नाही.
कुरकुरतं? कुरकुरू दे.

तामाझला फूल पुरं हवं होतं.
साच्यातून पाकळ्या पाडू, म्हणाला,
जरा अलीकडे सरकवू.
कागदावर काढून पाहिलं.
देखणं दिसलं, आणि खोटं.

मग शेजारची कडी वाजवली.
शहाऐंशी वर्षांच्या मझियाबाई
कुणाचं न ऐकता स्टुलावर चढल्या,
झाडूनं कोळिष्टकं काढली, मोजलं:
"माझ्या पाच आहेत."

आता भिंतीच्या माथ्याला
हातभर उंचीची काच आहे.
ईयाचा दिवा लागला
की उजेड पलीकडच्या पाचांवरही पडतो.
बाईंची अट एकच, करारात लिहून घेतलेली:
दहानंतर दिवा मालवायचा.