पाठ

डिलिस चेहरे करत नाही.
"चेहऱ्याला सवय असते," ती म्हणते,
"पाहुणे आले की सावरून बसायची.
पाठीला कुणी काही शिकवलेलं नसतं."

बर्स्लेममधल्या बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यात
तिचा वरचा मजला. जिन्यावर अजून
पांढरी धूळ, बोटाला लागते पिठासारखी.
मी मंगळवारी जायचे, कामावरून परस्पर,
पाठ उघडी टाकून
(हो, लाजले, पहिल्या दिवशी फार)
खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसायचे.
समोर बाटलीच्या आकाराची जुनी विटांची भट्टी,
तिच्या तोंडात उगवलेलं कसलंसं झुडूप,
आणि मागे,
ओल्या मातीवर अंगठ्याचा चप्पक आवाज.

ती फारसं विचारायची नाही.
एकदा म्हणाली, तुझा डावा खांदा उजव्याचं ऐकत नाही.
मी सांगितलं नाही की ह्यांना
बूट घालताना टेकायला भिंत चालायची नाही.
एकदा म्हणाली, मानेखाली तू काहीतरी धरून बसतेस,
शेजारची जागा रिकामी असूनही
बसमध्ये पिशवी मांडीवर धरावी तसं.
म्हटलं, थंडी आहे.
तिने हीटर जवळ सरकवला.

मार्चमध्ये तिने नाव विचारलं. ह्यांचं.
एकतीस वर्षांत ते नाव मी
उखाण्यातच घेतलं, आणि दवाखान्याच्या फॉर्मवर,
एकेका चौकटीत एकेक अक्षर.
नुसतं, यमकाशिवाय,
कधी जिभेवर आलंच नाही.
फोनवर कळवतानाही "हे गेले" एवढंच.

जनार्दन, म्हटलं.

मागचा आवाज थांबला.
"पुन्हा म्हण. आत्ता काहीतरी हललं
खांद्याच्या पात्यांमधे. दिसलं, सापडलं नाही."
जनार्दन.
"पुन्हा."
परवचा म्हणायचो तशी म्हणत गेले,
काचेला, झुडपाला, अकरा वेळा;
बाराव्याला
नाव संपायच्या आत श्वास संपला
आणि ती हळूच म्हणाली, "हं. मिळालं."
तिला मात्र तो उच्चार शेवटपर्यंत जमला नाही.

मग तिने मला कापलं.
हातभर उंचीची, बसलेली मी;
तारेने उभी चिरली, खरवस कापावा तशी,
दोन्ही अर्धे टेबलावर उताणे ठेवले
आणि आतली माती खरवडायला बसली.
भरीव राहिलं तर भट्टीत फुटतं, म्हणाली,
शेजारच्यांनाही घेऊन फुटतं.
बोटभर जाडीची भिंत ठेवायची, बाकी सगळं काढायचं.

खरवडलेलं बादलीत पडत होतं.
बादलीत आधीचंही होतं:
लाँगटनच्या एका निवृत्त पोस्टमनच्या आतलं,
कुणा गरोदर शिक्षिकेच्या आतलं,
सगळं एकाच पाण्यात भिजत.
"यातून पुढच्या महिन्यात एक मुलगा करायचाय,
कॅच सुटलेला. हसावं की रडावं, कळत नाहीये त्याला."
म्हणजे मी त्याच्या गुडघ्यात वगैरे जाणार.
बरं वाटलं. का, ते विचारू नका.

मातीच्याच राडीने अर्धे जुळवले,
शिवणीवरून ओलं बोट फिरवलं,
आणि मग तिने विचारलं, भोक कुठे ठेवू?
वाफ जायला एक लागतंच. बारीक. दिसणार नाही.
हे ती सगळ्यांना विचारते की मलाच, कोण जाणे.
मी खूप वेळ घेतला. खाली पाचची बस येऊन गेली.
डाव्या टाचेखाली, म्हटलं.

आठवड्याने गेले तेव्हा फळीवर होते,
विटेच्या रंगाची.
चेहऱ्याच्या जागी तिने नुसता अंगठा फिरवलेला,
आणि पाठ इतकी माझी
की मी आधी पायच पाहिले.
उचलली. एवढी हलकी असेन असं वाटलं नव्हतं.
उलटी करून टाचेच्या भोकावर बोट ठेवलं:
आतली हवा
अजून कोमट होती.