प्ले

शिकलगार मॅडम रोज दहा शब्द देतात,
अर्थासकट, आणि सांगतात, वापरून आणा.
नुसता पाठ केलेला शब्द म्हणजे
घडी न मोडलेली साडी.

आजचा दुसरा शब्द: प्ले. खेळणे.
वहीत लिहिलं, मुलं मैदानात खेळतात.
आप्पा जेवत होते. बोटांच्या रेघांत
राखेनं घासूनही न निघालेलं ऑइल.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर,
शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी.

"प्ले म्हंजे खेळ न्हवं, पोरी.
बेरिंग आन् शाफ्टच्या मधी
केसाएवढी फट ऱ्हातीया, त्यो प्ले.
ज्यादा झाला की मशीन खडखडतंय."

"आणि नसलाच तर?"

त्यांनी भाकरी मोडली, चटणीला लावली,
तशीच हातात धरून बसले.
"मग जाम. तापतंय, वास येतोय, बसतंय.
फिरायचं म्हंजे जरा जागा लागतीयाच की."

शब्दकोश उघडला. प्लेचे अर्थ पानभर.
नाटक, डाव, वाजवणे, आणि अगदी तळाशी
बारीक टाइपात: यंत्रभागांमधील मोकळीक.

मोकळीक.
हा शब्द आमच्या घरात
कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.
आत्ता मात्र आप्पा त्याचं माप सांगून
ताटात हात धूत होते.

पुण्याच्या इंटरव्ह्यूचं पत्र
अजून वहीच्या कव्हरात आहे.
मैदानातली मुलं खोडली.
नवं वाक्य जमेना, जागा मोकळी सोडली.

यादीत तिसरा शब्द: प्लीज.
तो उद्या वापरीन.
उद्या सोमवार, वर्कशॉप बंद.