एक पेर

गगनबावड्याच्या अलीकडं रेडेदांड.
पायथ्याला सकाळी सातलाच ऊन उभं.
पुढं चौदा वर्षांची ठकू येडगे, पायात टायरच्या चपला,
मागं सिराज, पाठीवर पाच लिटरचा कॅन,
मधे मी,
उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लेथवर काढलेला,
दोन थाउचा फरक नखानं ओळखणारा.

गेल्या आठवड्यात वणवा गेलाय इथून.
गवत नाही, गवताची काळी बुडखी,
पाऊल टाकलं की राख मोज्यात शिरते.
करवंदीची एक जाळी वाचलीय कपारीत.
ठकू मूठभर काढते,
चीक परकराला पुसत म्हणते, खावा, वर काय न्हाई.

मग घसारा.
दोन पावलं वर, एक पाऊल परत कोल्हापूरकडं.

मग धार.
डावीकडं कोकण, पांढुरक्या धुरकटात बुडालेलं,
उजवीकडं आपला देश, उसाचे हिरवे तुकडे,
आणि आमच्या वाट्याला म्हशीच्या पाठीएवढी वाट.
खालून वारा येतो, विचारत नाही.
चालायचं नाही, बसायचं.
बसायचं नाही, रांगायचं.
बावन्नाव्या वर्षी मी रांगलो
आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटचा कातळ दीड पुरुष.
भट्टीतून काढलेल्या कास्टिंगसारखा,
हात लावायचा नसतो हे ठाऊक असून लावायचा.
ठकू वर गेली, कशी ते दिसलं नाही.
मी डावा हात टाकला. गुळगुळीत.
उजवा. गुळगुळीत.
एवढं फिनिशिंग कुणी केलं या दगडाचं,
असं मनात आलं
आणि पोटरी लागली शिलाई मशीनसारखी धावायला.
खाली सिराज गप्प.
तो गप्प म्हणजे दरी खोल आहे.

वरून आवाज:
काका, डाव्या अंगाला भोक हाय बघा,
माझं बोट जातंय.

भोक होतं. एक पेर खोल, फार तर.
पहिलं बोट आत जाऊन वाकलं, निसटलं.
मधलंही तसंच.
उरलं ते अनामिकेचं खुंट,
लग्नाच्या फोटोत नारळाखाली लपवलेलं.
पहिल्याच नोकरीत पॉवर प्रेसनं नेलं,
शेठनं चार हजार दिले
आणि सोमवारी ये म्हणाला.

खुंट आत गेलं. थेट तळहातापर्यंत.
बेअरिंग हाऊसिंगमध्ये बसावं तसं, न ठोकता.
दगड आतून गार होता.

त्या गारव्यावर मी माझे चौऱ्याहत्तर किलो ठेवले.

माथ्यावर काही नाही, सांगितलं होतंच तिनं.
शेंदूर उडालेला एक धोंडा, शेळ्यांच्या लेंड्या.
कॅनमधलं पाणी चहाएवढं गरम,
तिघांनी फुंकून प्यालं.

ठकूनं माझा हात ओढून घेतला,
शेळीचा खूर तपासावा तसं खुंट बघितलं.
दुखतं?
न्हाई. थंडीत खाजतं.
बरं, म्हणाली. उतरताना मी आधी जाते.
भोक कुठं जात न्हाई.