गाळलेले दोन शब्द

अ‍ॅबरडीन. गुरुवार. चर्चमागची खोली.
हीटर नुसता खोकतो.
फळ्यावर मी उभा करते एक माणूस,
'हू वॉज वेटिंग' बसची,
आणि बाहीनेच पुसते 'हू', 'वॉज'.
बघा, माणूस तिथंच आहे,
बसही अजून आलेली नाही,
वाक्य तेवढं हलकं झालं.

हिवा सलूनमध्ये काम करतो. म्हणतो,
म्हणजे बाजूचे केस कमी.
हो, पण कान सांभाळून:
'ज्याला मी भेटले' तो असा कापता येत नाही,
भेटणारी तिथं मी असते.

लेतेब्रहान दिवसभर हॅडॉकचे काटे काढते,
वहीलाही तो वास.
काढून टाकणं तिला शिकवावं लागलं नाही.
तिनं लिहिलंय:
'माय ब्रदर लिव्हिंग इन केरेन'.
केरेनमध्ये राहणारा माझा भाऊ.
छान. आता उलटं करा सगळ्यांनी,
गाळलेलं परत घाला.

पेनं चालू लागतात.
ती 'हू' लिहिते,
मग बोटभर जागा सोडते,
मग 'लिव्हिंग'.

इथं क्रियापद लागतं, मी म्हणते,
'इज' किंवा 'वॉज',
आणि म्हणता म्हणता मला ऐकू येतं
मी काय विचारलंय ते.

ती खोडरबर फिरवत राहते
काहीच न लिहिलेल्या जागेवर.
शेजारची झोरियाना माझ्याकडे बघून
मान हलवते, अगदी थोडी.

पहिल्या वाक्याला मी बरोबरची खूण करते.
दुसऱ्याला काहीच नाही.
पुढच्या गुरुवारी भूतकाळ आहे.
तो मी पुढे ढकलते.