चमच्याचं टोक

मेश्राम सिस्टरनं सांगितलं तसं सकाळीच बसले.
संध्याकाळी नको म्हणाली ती,
पाहायला अख्खा दिवस हाताशी पाहिजे.
गजाननचा ऑटो घरासमोर उभा,
आज भाडं घेऊ नको म्हणून कालच सांगून ठेवलं.
मोबाइल फुल चार्ज.

दाणे रात्रीच भाजले, मंद आचेवर,
सुपात चोळून फोलपटं फुंकली अंगणात,
पाट्यावर वाटले, पुन्हा वाटले
बोटाला रवा लागेनासा होईतो.
अख्खा दाणा नाही, अर्धाही नाही,
एवढ्याशा घशात तो अडकून बसतो.
मग कोमट पाणी,
चमच्यावरून आपोआप ओघळेल इतकं.

आर्वी सहा महिने अकरा दिवसांची.
उष्टावणाची खीर मागच्याच आठवड्यात चाटली तिनं
मामाच्या मांडीवर.

मामा म्हणजे माझा भाऊ, प्रफुल्ल.
पहिलीत होता, सव्वीस जानेवारीला शाळेत चिक्की वाटली.
झेंड्याखालीच ओठ सुजले त्याचे,
डोळे दिसेनासे झाले.
उईके गुरुजींनी राजदूतवर पुढं बसवून दवाखाना गाठला.
एकोणीस वर्षं झाली.
प्रत्येक लग्नात तो वाढप्याला तेच विचारतो,
"दादा, याच्यात कूट हाय का?"
असतोच. आमच्याकडं कोणत्या भाजीत नसतो?
पंगत वांग्यावर ताव मारते,
तो भातावर मीठ घेतो.

म्हणून मी ठरवलेलं,
लेकीला पाच वर्षं दाणा दाखवायचासुद्धा नाही.
तीळ नाही, अंडं नाही, काही नाही.
सासूबाईंचंही तेच, कारण वेगळं:
"दाण्यानं खोकला होते व, लेकराले पचते का?"
लग्नानंतर पहिल्यांदा आमचं दोघींचं एकमत झालं
आणि नेमकं तेच चुकीचं निघालं.

सिस्टरनं वजनकाटा बाजूला ठेवला.
"जेवढं लांबवशीन ना रंजू,
तेवढं तिचं अंग दाण्याले परकं समजते.
आता वळख करून दे.
खात्री नाही देत मी कोणाले, धोका कमी होते एवढंच.
पण तुह्या भावाचं तसं हाय, तं आधी डॉक्टरले दाखव."
दाखवलं. काखा पाहिल्या, मांड्यांच्या घड्या पाहिल्या,
इसब नाही, चट्टे नाहीत. द्या म्हणाले.

दिलं.
चमच्याचं टोक.
तिनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर, पुन्हा आत,
आणि माझ्याकडं असं पाहिलं
जणू मीच नवीन आहे.

दहा मिनिटं मी तिचा श्वास मोजत बसले.
देवानंद दारात, पायात चप्पल घालूनच.
मग उरलेलं, थोडं थोडं.
मग नुसतं घड्याळ.

पाऊण तासानं हनुवटीवर लाल.
बोटाएवढं लाल.
देवानंद ऑटोकडं धावला, गजाननं चालू केला,
माझ्या कानात उईके गुरुजींची राजदूत.
सासूबाई पदराचं टोक ओलं करून आल्या,
पुसलं,
लाल पदरावर आलं.
"मंजन हाय व माय ते. माह्याच बोटाचं.
मंगाशी हनुवटी धरली होती तिची."

लगेच कोणी हसलं नाही.
ऑटो तसाच गुरगुरत राहिला.
आर्वीनं ढेकर दिला.

दुपारपर्यंत ती झोपली, उठली, शी केली,
मूठ तोंडात कोंबून बसली.
आता थांबवायचं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचंच.
शुक्रवारी अंडं, कडक उकडलेलं.
सासूबाई माळकरी, त्या म्हणाल्या,
"चूल भाईर मांडजो."
नको म्हणाल्या नाहीत.

रात्री प्रफुल्लचा फोन.
"देलं?"
"देलं."
"मंग?"
"काही नाही झालं. आवडलं तिले."
बराच वेळ तो गप्प.
मागं कुठंतरी भांडी वाजत होती.
मग म्हणाला,
"कसं लागते व ताई ते?"

मला सांगता येईना.