चौथा चौकोन

नाव मी घेत नाही तुमचं.
धुळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनंच पुकारलं,
"उखर्डू लोटन महाजन!"
आणि बाकावरची दोन पोरं हसली.
त्यांना काय ठाऊक,
तीन लेकरं गेल्यावर सासूबाईंनी
तुम्हाला उकिरड्यावर लोळवलं होतं,
मरणाला वाटावं, कचराच आहे, कशाला उचला.
मरण फसलं.
उकिरड्यावरचं गवत नाही फसलं.

आधी मान. मग पापण्या.
मग कोपराची खाच, जिथं घाम साठतो.
गँगमधले म्हणाले, खडीची धूळ.
भगत म्हणाला, बाहेरचं आहे.
मेडिकलवाल्यानं पस्तीस रुपयांची ट्यूब दिली,
चार दिवस गुण आला,
चार महिन्यांत कातडीचा कांद्याचा पापुद्रा झाला.
आखाजीला मी माहेरी गेले नाही.
अंधारात तुम्ही खाजवत होता,
आणि मी भिंतीकडे तोंड करून
पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय तसं ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
दहा चौकोन.
दोन दिवस आंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही.
मे महिन्यात, अमळनेरात, घाम नाही!
मी पुठ्ठ्यानं वारा घातला, हात बदलत.
पट्ट्या निघाल्या तेव्हा नऊ कोरे.
चौथा लाल, फुगलेला.
"गाजर गवत. त्याच्यापासून लांब राहा."
तुम्ही हसलात.
अमळनेर ते धरणगाव, रुळाच्या दोन्ही अंगांना
तेच तर उभं असतं
पांढरी झेंडी हलवत.

घरी येऊन मी आपलं लेआउट मोजलं.
दहा प्लॉट, नऊंवर घरं,
आणि आपल्या खिडकीला लागून तो.
मालक सुरतेला. फोनवर म्हणाला,
हिरवं आहे ना? बरंच दिसतं की.

पाऊस दोनदा पडून माती सैल झाली,
फूल धरायच्या आत मी उतरले.
हातांना दुधाच्या पिशव्या, मनगटाला सुतळी,
नाकावर पदर.
विळा नाही, कापलं की चौपट फुटतं.
जाळणं नाही, धूर तुमच्याकडेच आला असता.
मुळासकट, खड्ड्यात, वर शेण, वर माती.
कुंपणाच्या सांदीत मिठाचं पाणी मारलं,
तेव्हा भागाबाई थांबून म्हणाली,
"काय व माय, मीठ इतलं सस्तं व्हयनं का?"

तुमच्यासाठी उपटते,
आणि उपटून आले की तुम्हालाच शिवत नाही.
बाहेरच्या मोरीत केसांवरून पाणी,
लुगडं वेगळ्या बादलीत,
तरी कण राहिला असेल म्हणून खाट ओसरीत.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
आता चौकट मध्ये ठेवून बोलतो आपण,
पोरीच्या फॉर्मचं, गॅसच्या नंबराचं.
झोपायच्या आधी तुम्ही आतून विचारता,
"आज किती?"
मी मोजलेलं सांगते.
कधी वाढवूनही सांगते.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, तुम्हाला फाटकावर नेमलं.
दुपारचं ऊन टाळायचं, बाह्या मनगटापर्यंत,
खोबरेल, आणि ट्यूब आता डॉक्टरीणबाई सांगतील तेवढीच.
मोकळ्या झालेल्या जागेत मी तरोट्याचं बी फेकलं.
तरोटा दांडगा. आपली जागा दुसऱ्याला देत नाही.

कानबाईच्या रोटांना तुम्ही बसलात
गळ्याची गुंडी उघडी ठेवून.
मान काळवंडलेली, जाड,
पण हात तिकडं गेला नाही एकदाही.
खीर वाढताना माझी नजर खिडकीबाहेर गेली,
तरोट्याच्या गर्दीतून
एक कातरलेलं पान, कोवळं,
गाजराचं म्हणून कुणीही फसावं असं.
उठावंसं वाटलं.
उठले नाही.
तुम्हाला दुसरा रोट वाढला, वर तूप.
पिशव्या दोरीवर वाळत होत्या.